पगार पुरतो पण किरकोळ खर्चानं महिना मोडतो: दर महिन्याला हेच होत असेल तर काय तपासायचं

प्रॉब्लेम असा आहे. पगार दहा तारखेपर्यंत येतो, भाडं, किराणा, लाईटबिल, पोरांची फी, गाडीचा हप्ता सगळं वहीत मांडलं की हजार-बाराशे शिल्लक दिसतात, आणि तरी वीस-बावीस तारखेला हातात काही नसतं. कारण दर महिन्याला वेगळं. एकदा मिक्सरचा कपलर जातो, एकदा मागच्या टायरची ट्यूब, एकदा पोराला ताप येतो आणि डॉक्टर, औषधं, रिक्षा धरून सहाशे जातात, एकदा शाळेतनं चिठ्ठी येते की उद्या सहलीचे पैसे द्या. त्यामुळं वाटतं हा महिना वाईट गेला, पुढचा नीट जाईल. पुढचा पण तसाच जातो.

मी सांगलीत राहते, आमच्या बचत गटाचा हिशोब माझ्याकडं आहे. अंतर्गत कर्जाचे, म्हणजे गटाच्याच पैशातनं सभासदाला द्यायच्या कर्जाचे, अर्ज येतात त्यात बहुतेक घर बांधायला किंवा लग्नाला नसतात, हजार-दोन हजाराचे असतात आणि कारण म्हणून असलंच काहीतरी लिहिलेलं असतं. ते वाचून वाचून माझं मत पक्कं झालंय की यातले निम्म्याच्या वर खर्च अचानक येतच नाहीत, त्यांची तारीख माहीत असते किंवा काढता येते, फक्त महिन्याच्या हिशोबात त्यांना जागा दिलेली नसते. आणि "अजून काटकसर करा" हा सल्ला कुणी दिला तर मनाला लावून घेऊ नका. १५-१८ हजारात चालणाऱ्या घरात काटकसर आधीच झालेली असते, तिथं चहातली साखर कमी करून टायरचे पैसे निघत नाहीत.

पहिलं हे तपासा: रोग हाच आहे का

एक कोरा कागद घ्या आणि असा महिना लिहा ज्यात काहीच बिघडलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, कुठलं लग्न नाही. फक्त ठरलेले खर्च. ते पगारातनं वजा करा. काहीतरी उरत असेल, अगदी पाचशे का असेना, तर खाली लिहिलंय ते तुमच्या कामाचं आहे. पण इथंच वजाबाकी उणे येत असेल तर किरकोळ खर्चाला दोष देऊन उपयोग नाही, तिथं हप्ते जास्त झालेत किंवा भाडं झेपत नाही किंवा कमाईच कमी पडतेय, आणि त्याचा विचार वेगळा करायला लागतो. हे दोन प्रॉब्लेम वरनं सारखेच दिसतात म्हणून आधी वेगळे करा, नाहीतर उगाच डबे आणि पाकिटं करत बसाल आणि वर स्वतःलाच बोल लावाल.

मग मागचे तीन महिने काढा. फोनपे-गूगल पेची हिस्ट्री आहेच, रोख दिलेलं आठवून लिहा, घरातल्या सगळ्यांना विचारून, कारण पंक्चरचे पैसे नवऱ्यानं दिलेले असतात आणि चार्ट पेपरचे सासूबाईंनी. यात कोण किती उधळतंय हे बघायचं नाही, नाहीतर पहिल्याच रात्री भांडण होतं आणि वही परत उघडत नाही. फक्त खर्च आणि तारीख.

वर्षातनं एकदा येणारे, ज्यांना आपण अचानक म्हणतो

इथं सगळ्यात जास्त पैसे सापडतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाडीचा इन्शुरन्स. ७५ ते १५० सीसीच्या टू-व्हीलरला थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण साडेआठशे. तारीख पॉलिसीवर छापलेली असते. पीयूसीची पण असते. पोलिसानं अडवल्यावर ती आठवायची गरज नाही, इन्शुरन्स नसेल तर पहिल्यांदा सापडल्यावरच २००० दंड आहे.

मे महिन्याच्या शेवटी बँकेतनं ४५६ रुपये कापले जातात आणि बरेच जण घाबरून पासबुक घेऊन बँकेत जातात. ते बहुतेक प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० आणि जीवन ज्योतीचे ४३६ असतात, कधीतरी फॉर्म भरलेला असतो आणि विसरलेला असतो. ते बंद करू नका असंच माझं म्हणणं आहे, २० रुपयांत अपघाताचं २ लाखांचं संरक्षण दुसरीकडं मिळत नाही. फक्त मे मध्ये खात्यात तेवढे ठेवायचे हे वहीत लिहा.

महावितरणचं दुसरं बिल. एप्रिल-मेच्या सुमारास नेहमीच्या बिलाबरोबर सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव असावी असा हिशोब असतो, मागच्या वर्षी वापर वाढून आधीची ठेव कमी पडली की फरक मागतात. हा दंड नाही, ठेव आपल्याच नावावर राहते आणि तिचं व्याज बिलात वळतं करून मिळतं. एकदम झेपत नसेल तर हप्त्यांत भरता येते, ऑफिसला जाऊन विचारायचं. आणि नेहमीचंच बिल एखाद्या महिन्यात फुगून आलं तर आधी बघा मागच्या महिन्यात रीडिंग घेतलं होतं का सरासरीनं बिल आलं होतं. घर बंद राहत असेल तर मीटरचा फोटो काढून ॲपवरनं स्वतः रीडिंग पाठवता येतं.

मोबाईल रिचार्ज आपण महिन्याचा धरतो पण २८ दिवसांचा पॅक वर्षात १३ वेळा मारावा लागतो. घरात तीन फोन असतील तर तीन जादा रिचार्ज. महिनाभराचा पॅक हवा असेल तर ३० दिवसांचा किंवा दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक प्रत्येक कंपनीला ठेवावा लागतो असा ट्रायचा, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०२२ चा नियम आहे, दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारायला लागतं.

सिलिंडरचं उलटं. चार माणसांच्या घरात तो बहुतेक दीड महिना जातो, म्हणून एका महिन्यात नऊशेचा खर्च असतो आणि दुसऱ्यात नसतो, आणि नसलेल्या महिन्यात ते पैसे दुसरीकडं विरघळतात. दर आठवड्याला दीडशे बाजूला काढले की सहा आठवड्यांत सिलिंडर उभा राहतो. घरपोच आणून देणं बिलाच्या किमतीतच धरलेलं असतं, वर मागितलेले वीस-तीस द्यायलाच पाहिजेत असं काही नाही.

बाकी जूनमधलं शाळेचं सामान, छत्री, रेनकोट, पावसाळी चपला, दिवाळी, गाडीचं दोनदा सर्व्हिसिंग हे तुम्हाला माहीतच आहे. समजा इन्शुरन्स ८५०, विमा ४५६, तेरावा रिचार्ज ३५०, शाळा ३५००, सुरक्षा ठेव ६००, पावसाळा १२००, सर्व्हिसिंग १६०० धरलं, तर वर्षाचे ८५५६ होतात, भागिले बारा म्हणजे महिन्याला ७१३. हे आकडे आपापले घाला. म्हणजे कागदावर जी हजार-बाराशे शिल्लक दिसत होती त्यातले सातशे आधीच कुणाच्यातरी नावावर होते. बघा म्हणजे कळेल महिना का मोडत होता.

बँकेत गळणारे पैसे

छोट्या खर्चापेक्षा त्याच्या मागनं येणारा दंड मोठा असतो, आणि मला सगळ्यात राग याचाच येतो कारण तो गरिबालाच बसतो. पाच तारखेला गाडीचा हप्ता, पगार दहाला. चार तारखेला औषधाला तीनशे काढले, हप्त्याला दोनशे कमी पडले, हप्ता परत गेला. मग बँक वेगळे कापते, फायनान्सवाले वेगळे लावतात, वर जीएसटी, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. तीनशेच्या औषधाची किंमत कुठच्या कुठं गेली. यावर उपाय एकच, फायनान्स कंपनीला अर्ज देऊन हप्त्याची तारीख पगारानंतर नेता येते का विचारा. बऱ्याच ठिकाणी करून देतात, पण मागावं लागतं. तोपर्यंत हप्त्याचे पैसे दुसऱ्या खात्यात आणि एटीएम कार्ड असलेलं खातं वेगळं, असं ठेवा.

एटीएमचं पण बघा. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार फुकट, आणि सांगली-साताऱ्यासारख्या ठिकाणी दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर ५, मोठ्या महानगरांत ते ३ च आहेत. त्यानंतर १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत लागतात, वर टॅक्स. नुसतं बॅलन्स बघणं पण यात मोजतात. दोनशे-दोनशे करून काढायची सवय असेल तर आठवड्यातनं एकदाच काढा. आणि मिनिमम बॅलन्सचा दंड कापला जात असेल तर खातं बेसिक सेव्हिंग म्हणजे झिरो बॅलन्स प्रकारात बदलून द्या असा अर्ज करता येतो, त्याला मिनिमम बॅलन्सची अट लावता येत नाही. त्याच बँकेत तुमचं दुसरं सेव्हिंग खातं मात्र चालत नाही आणि पैसे काढायच्या फुकट वेळा कमी असतात, ते विचारून घ्या.

पैसे बाजूला काढायचे, पण ठेवायचे कुठं

सातशे रुपये बाजूला काढा म्हणणं सोपं आहे. ते जागेवर राहतील का हा खरा प्रश्न.

घरातल्या डब्यात ठेवले तर रात्री अकराला ताप आला तरी मिळतात, पण सगळ्यांना माहीत असतं ते कुठं आहेत. मी म्हणेन डब्यात पाचशेच्या वर ठेवू नका. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरायची ठेव, दुकानदाराला चांगली, रोज माणूस दारात येतो, शिस्त लागते, पण मुदतीआधी मोडली की कमिशन कापतात, म्हणून अडीनडीचे पैसे तिथं नकोत. भिशीचं मला पटत नाही, या कामासाठी तरी. आपला नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नाही आणि चालवणारा गायब झाला तर दाद मागायला कागद नसतो. पतसंस्थेत ठेवायचे असतील तर एवढं लक्षात घ्या की ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकेतल्या ठेवीला असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. बुडालेल्या ठेवींचे अनुभव आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत.

वर्षाच्या खर्चाचे पैसे पोस्टाच्या सेव्हिंग खात्यात किंवा ज्याचं एटीएम कार्ड घेतलेलं नाही अशा बँक खात्यात बरे. पोस्टात ५०० रुपये कायम ठेवावे लागतात. तिथं जायला अर्धा तास मोडतो, रांगेत उभं राहायला लागतं, आणि त्या अर्ध्या तासामुळंच पैसे टिकतात. बचत गट असेल तर उत्तमच, कारण अंतर्गत कर्जाचं व्याज गटातच राहतं आणि वर्षाच्या शेवटी आपल्यालाच वाटून मिळतं.

सुरुवातीला मोठं ध्येय ठेवू नका. तीन महिन्यांच्या कागदात सगळ्यात मोठा एकरकमी किरकोळ खर्च कुठला होता ते बघा, समजा चौदाशे, तेवढं साठेपर्यंत दुसरं काही बघायचं नाही. वापरले की पुढच्या पगारात किराणा झाला की आधी ते भरायचे, मग बाकी सगळं.

खर्च दारात उभा आहे आणि पैसे नाहीत

तेव्हा एकच प्रश्न विचारा, थांबलं तर वाढेल का. ताप, दात, गॅसचा पाईप, गाडीचा ब्रेक, गळणारं छत, हे थांबलं तर वाढतं, लगेच करा. मिक्सर महिनाभर थांबू शकतो, खलबत्ता आहे, शेजारणीचा मिक्सर आहे. चार्जिंगची पिन थांबू शकते जर घरात दुसरा फोन असेल.

आजारपणात पहिल्यांदा सरकारी दवाखाना धरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत, केसपेपरचे पण पैसे नाहीत. खाजगी डॉक्टरकडं गेलात तर स्पष्ट सांगा की जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावानं मिळणारं स्वस्त औषध, लिहून द्या, लाजू नका, आणि जनऔषधी केंद्रातनं घ्या. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांत महिन्याला जो फरक पडतो त्यातनं वरचे सातशे कधीकधी निम्मे निघतात. तिथंच सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक मिळतं. दवाखान्याला मिरजेला किंवा कोल्हापूरला जायचं असेल तर बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट, आधारकार्ड बरोबर ठेवा.

गॅरेजमध्ये गाडी सोडून घरी यायचं नाही. किती होणार ते आधी विचारा, काय बदलणार ते विचारा, काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

आणि उसने घ्यायचेच असतील तर क्रम हा: बचत गट, मग किराणा दुकानदाराची उधारी म्हणजे तेवढी रोकड हातात मोकळी होते, मग सख्खं नातं. सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण. खाजगी सावकाराकडं शेकडा दहानं दोन हजार घेतले तर महिन्याला दोनशे व्याज, वर्षात चोवीसशे दिलेत आणि मुद्दल दोन हजार तसंच उभं. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. मोबाईलवरच्या सात दिवसांच्या कर्जाच्या ॲपकडं तर बघूच नका. जे ॲप तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडायची परवानगी मागतं ते कर्ज वसूल करायला नातेवाईकांना फोन लावणार हे धरून चाला. त्यात आधीच अडकला असाल, धमक्या येत असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाईनला, फोन करा आणि घरात सांगा. गप्प राहून एकट्यानं सोसू नका, हे मी हात जोडून सांगते.

आहेर, वर्गणी, जत्रा

हे सगळ्यात अवघड, कारण यात पैसा कमी आणि मन जास्त असतं. मेमध्ये एका आठवड्यात चार लग्नं, गावची जत्रा आली की पाहुण्यांना मटण, गणपतीची वर्गणी, बारसं, वास्तुशांत. नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये, अडचणीला हीच माणसं येतात.

मी बघितलेल्यातला चालणारा उपाय म्हणजे आहेराची वही काढायची. बहुतेक घरात ती असतेच, आपल्या लग्नात कुणी किती दिले ते लिहिलेली. नवरा-बायकोनं वर्षातनं एकदा, शक्यतो मार्चमध्ये, बसून ठरवायचं की सख्ख्यात इतके, भाऊकीत इतके, शेजारी आणि कामावरचे इतके, वर्षाला एकूण इतके. एकदा ठरलं की प्रत्येक पत्रिकेला नवीन वाद होत नाही. आणि शंभर एक रुपयांचं पाकीट घेऊन जायला लाजायचं काही कारण नाही, पैसे नाहीत म्हणून लग्नालाच न जाणं मला जास्त वाईट वाटतं. आदल्या दिवशी जाऊन पुऱ्या लाटू लागलात तर ते पाकिटापेक्षा जास्त लक्षात राहतं.

नदीकाठी राहत असाल तर

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट आणि त्या बाजूच्या सखल भागातल्या लोकांना मी वेगळं सांगायची गरज नाही, २००५, २०१९, २०२१ त्यांनी भोगलंय. पण मोठा पूर सोडाच, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की छोटे खर्च सुरू होतात, सामान हलवायला टेम्पो, प्लॅस्टिक, नातेवाईकांकडं जायचं भाडं, बुडालेली हजेरी. यासाठी जूनअखेर वेगळे पैसे हवेत, शाळेच्या खर्चात ते मिसळू नका. कागदपत्रं, पासबुक, शाळेचे दाखले एका चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत आत्ताच घाला, त्यांच्या डुप्लिकेट कॉप्या काढायला परत पैसे आणि हेलपाटे दोन्ही जातात.

एवढं करून पण परत होत असेल तर

एकच वस्तू सहा महिन्यांत तिसऱ्यांदा दुरुस्त होत असेल तर तिला किरकोळ खर्च म्हणू नका. ती वेगळ्या ओळीत लिहा आणि दुरुस्तीची बेरीज नव्या किमतीशेजारी मांडा, निर्णय आपोआप दिसतो. बाजूला काढलेले पैसे सलग दोन महिने संपत असतील तर रक्कम कमी धरलीय, वर्षाच्या यादीत काहीतरी राहिलंय, बहुतेक आजारपण नाहीतर गाडी.

ज्यांचा पगार महिन्याचा नाही, मार्केट यार्डात हमाली आहे, गवंडीकाम आहे, हळदीच्या सीझनला काम भरपूर आणि पावसाळ्यात अर्ध्यावर, त्यांनी महिन्याचा हिशोब सोडून द्या. आठवड्याचे पैसे ज्या दिवशी हातात येतात त्याच दिवशी, बाजाराला जायच्या आधी, बाजूला काढा. सीझनला जास्त, एरवी कमी. एखाद्या आठवड्यात वीसच रुपये निघाले तरी वहीत तेवढे लिहा, शून्य असेल तर शून्य लिहा, ओळ रिकामी सोडू नका, कारण कुठले आठवडे कोरडे जातात हे वर्षभराचं दिसलं की पुढच्या सीझनला पावसाळ्यासाठी किती काढून ठेवायचे तो आकडा तुमच्या स्वतःच्या वहीतनंच निघतो.